आधी त्याचं सांग

मोजणीदारांच्या ओसरीवर एक बाज होती. तिच्या दोऱ्या इतक्या सैल पडल्या होत्या की एकटा माणूस बसला तर मधोमध घसरायचा, आणि दोघं बसले तर एकमेकांच्या अंगावर. धाराशिवात वकिली सुरू केली तेव्हा मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात भाडेकरूनं करू नये असा आगाऊपणा केला. म्हटलं, काका, दोऱ्या ओढून देणारा एक माणूस माझ्या माहितीत आहे, बोलावू का? त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "वकीलसायेब, ह्या दोऱ्या आवळल्या तर माझं दुकान बंद पडंल."

दुकान कसलं, ते कळायला मला महिना लागला. मोजणीदार सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. भूम, कळंब, तुळजापूर, परंडा, अर्धा जिल्हा त्यांनी मोजणीची साखळी ओढत पालथा घातलेला. त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि मतदार यादीला माहीत होतं, बाकी गल्ली त्यांना मोजणीदार म्हणायची आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सुद्धा तसंच म्हणायच्या. निवृत्तीनंतर बांधाची भांडणं त्यांच्या मागोमाग घरी आली. दर बुधवारी आणि रविवारी ओसरीखाली दोन प्रकारच्या चपला दिसायच्या. एक जोड पायरीच्या या टोकाला, एक त्या टोकाला.

आलेल्या दोघांना ते त्या बाजेवर बसवत. दोघंही आधी बाजेच्या कडेचं लाकूड घट्ट धरून बसायचे, दुसऱ्याला खांदा लागू नये म्हणून. पण लाकूड धरून माणूस किती वेळ बसणार? अर्ध्या तासानं हात भरून यायचे, पकड सुटायची आणि दोन्ही वैरी मधल्या खड्ड्यात गोळा व्हायचे. मग मोजणीदार बोलायला सुरुवात करत. मी एकदा विचारलं, समोरासमोर का नाही बसवत? ते म्हणाले, समोरासमोर बसवलं की माणसं कोंबड्यासारखी मान ताठ करतात. शेजारी बसवलं की दोघांना समोर एकच गोष्ट दिसते. कोणती, म्हटलं. "माझं थोबाड," ते म्हणाले, "आन त्याच्यावर दोघांचा बी राग निघतो. मग त्यांचं जमतं."

माणूस विक्षिप्त होता यात शंका नाही. रस्त्यानं चालताना ते पावलं मोजत. पोस्ट ऑफिस कुठंय म्हणून विचारलं तर "डावीकडं तीनशे दहा" म्हणत आणि विचारणारा बिचारा घर क्रमांक शोधत फिरे. नोकरी संपताना साहेबाच्या हातापाया पडून मागून आणलेली जुनी लोखंडी साखळी त्यांनी परसात दोन खुंट्यांना बांधली होती आणि काकूंनी तिच्यावर धुणं वाळत घालावं असा त्यांचा आग्रह होता. माझ्या दोन पांढऱ्या कुडत्यांवर त्या साखळीचे तांबूस डाग शेवटपर्यंत राहिले. काकूंना ती साखळी डोळ्यांसमोर नको होती. "गावाचे बांध मिटवतंय हे माणूस," त्या मला म्हणायच्या, "आन घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, हे वीस वर्सं झाली मिटंना." लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्यांची दुसरी एक खोड मला तेव्हा निव्वळ चक्रमपणा वाटायची. बोलणं मिटलं की न मिटलं, ते दोघांनाही बसस्टँडवर पोहोचवायला जात. दोघांना एकाच वेळी. भर उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून उभे राहात आणि बस दिसेनाशी झाल्याशिवाय परत फिरत नसत. एकाची गाडी आधी असली तर त्याला थांबवून ठेवत. घरी पाहुणे बसलेले असोत, ताटात जेवण वाढलेलं असो, आधी बसस्टँड.

पण त्यांचं खरं तंत्र होतं ते गाऱ्हाण्याचं. त्यांच्या ओसरीवर कुणाला स्वतःचं गाऱ्हाणं सांगता येत नसे. समोरच्याचं सांगायचं. आणि नुसतं सांगून भागत नसे, ते ऐकून समोरच्यानं तोंडानं "व्हय, असंच" म्हणेपर्यंत पुढचा शब्द नाही.

ईट गावच्या दोन चुलतभावांचं मला अजून आठवतं. थोरल्याची गुरं होती, धाकट्याचं बांधाला लागून सोयाबीन होतं. धाकट्यानं बांधावरून काटेरी तार ओढली. थोरला म्हणत होता तार दीड हात माझ्या रानात आहे, धाकटा म्हणत होता नकाशा बघा. थोरल्यानं तोंड उघडताच मोजणीदारांनी हात वर केला.

"तुझं मागून. आधी त्याचं सांग."

"त्याचं काय सांगायचं? त्यो खोटारडा हाय."

"ही तुझी तकरार झाली. त्याची सांग."

थोरला चपला घालून चालता झाला. आणि त्याच्याबरोबर आमचे मोजणीदार धाकट्याला हाताला धरून, टॉवेल टाकून, बसस्टँडवर. असं तीनदा झालं. ईटहून धाराशिवला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण ते येत राहिले. मला वाटतं भांडणाला कंटाळले होते आणि ते कबूल करायला दोघांनाही बरी जागा सापडत नव्हती. चौथ्या वेळी थोरला बाजेच्या खड्ड्यात बसून खाली बघत म्हणाला, "माझी गुरं त्याच्या सोयाबीनमधी शिरत्यात. त्यो ओरडत येतो. आन म्या बांधावर बसून हासतो." धाकट्यानं त्याच्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाला, व्हय, असंच. गुरांचं कायी न्हाय, गुरंच ती. पर हासतो.

मग धाकट्याची पाळी आली. त्याला काही केल्या सापडेना. दीड हात म्हणून पाहिलं, इज्जत म्हणून पाहिलं. थोरला मान हलवत राहिला. शेवटी मोजणीदारांनी त्याला विचारलं, त्या बांधावरून रोज कोण जायचं? धाकटा विचार करत राहिला आणि एकदम थांबला. त्याची चुलती, थोरल्याची म्हातारी आई, रोज दुपारी बांधावरून त्याच्या घरी यायची, नातवंडांत बसायची. तार ओढल्यापासून सडकेनं वळसा पडत होता, तिच्या पायांना तो जमत नव्हता. ती यायची बंद झाली होती आणि धाकट्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. दीड हात जमीन राहिली बाजूला. तारेला एक फाटक बसलं. पुढच्या महिन्यात दोघंजण एकच डबा दोघांच्या हातात धरून आले, आत खवा. मोजणीदार एकट्यानं आणलेलं काही घेत नसत, डबा दोघांनी मिळून आणला तरच घेत. काकूंनी गुलाबजाम केले आणि माडीवर मला वाटीभर मिळाले.

मोजणीदार गेले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला माणसं जोडीजोडीनं आली होती. मांडवात कुणाचं कोण ते मला सांगावं लागलं नाही, बांध शेजारी असलेली माणसं शेजारी बसली होती. आता मी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसते. आम्हाला त्याचं रीतसर प्रशिक्षण झालं. तिथं शिकवणारे सांगत होते की माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं त्यात अंतर असतं. मी वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, मला ते अंतर पावलांत माहीत आहे. हातचं राखून बोलत नाही, जे काही मला येतं ते त्या ओसरीवरचं आहे. आणि ते मी माडीच्या जिन्यावर बसून, दुसऱ्यांची भांडणं बघून शिकले असं लोकांना वाटतं. तसं नाही. मी ते बाजेवर बसून शिकले.

आमचं रान येरमाळ्याजवळ. वडील गेले आणि सहा महिन्यांनी माझा धाकटा भाऊ माझ्या खोलीवर आला. पिशवीतून त्यानं एक कागद काढला. हक्कसोडपत्र. बहिणींनी बापाच्या जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडायचा, आमच्याकडं घरोघरी करतात तसं. कुणीतरी टाइप करून दिलं होतं आणि सही कुठं करायची ते मला कळावं म्हणून तिथं पेन्सिलनं फुली मारली होती. ती फुली बघून माझं डोकं फिरलं. मी स्वतः रोज दहा पक्षकारांना तश्शाच फुल्या मारून देत होते, ते तेव्हा सुचलं नाही. मी त्याला कायदा ऐकवला, कलमांसकट. तो म्हणाला, आक्का, सगळ्याच करत्यात की. मी म्हणाले, आता कोर्टातच भेटू. तो चहा न घेता गेला.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा तीनदा आली आणि गेली. आई आधीच गेलेली, त्यामुळं मला माहेर म्हणजे तो एकच माणूस उरला होता. रान गेलं असतं तर मी जगले असते. पण तो जो दारातून उतरला, तो परत येणार नाही या विचारानं मला कोर्टात युक्तिवाद करता करता मध्येच शब्द सापडायचे नाहीत. तरी मी हट्टानं वाटणीचा दावा लिहून काढला. खाली ओसरीवर मोजणीदारांनी त्या दिवशीचं सगळं ऐकलेलं होतं. पण तीन वर्षांत त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

दाव्याला जोडायचा गटाचा नकाशा समजून घ्यायला मी तो त्यांच्याकडंच घेऊन गेले. त्यांनी तो मांडीवर पसरला, बोटानं हद्द फिरवली. रान चांगलं आहे म्हणाले आणि घडी घालून मला परत दिला. मग एकाएकी ते मला तेरजवळच्या एका गावातली गोष्ट सांगू लागले. दोन शेजाऱ्यांच्या हद्दीची मोजणी होती. त्यांनी साखळी टाकली, नकाशा लावला, जिथं यायला हवा तिथंच दगड रोवला. बोटभर इकडंतिकडं नाही. चारची बस होती, ती धरून ते घरी आले. दिवस मावळायच्या आत त्या दगडाजवळ दोघांची मारामारी झाली आणि एकाचा डावा हात कायमचा गेला. दरवर्षी एक दिवस मोजणीदार कुणाला न सांगता तेरकडं जात, हे मला ठाऊक होतं. कुणाकडं जात, ते आता कळलं.

"मोजणी बरोबर हुती," ते म्हणाले. "म्या बस धरली, ती चूक."

एवढं बोलून ते उठले आणि जाता जाता म्हणाले, दावा घाला, तुमचा हक्कच हाय. पर आधी रविवारी खाली या. मी म्हटलं, तो येणार नाही. ते म्हणाले, येतोय. ते आदल्या आठवड्यातच येरमाळ्याला जाऊन आले होते. स्टँडपासून आमच्या घरापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं.

रविवारी मी खाली उतरले आणि सवयीनं खुर्ची ओढली. ते म्हणाले, "खुर्ची वकिलाची. आज तू पक्षकार हायस." त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटलं. मी बाजेच्या एका टोकाला बसले, भाऊ दुसऱ्या टोकाला. तो वाळला होता. दोघांनीही लाकूड घट्ट धरलं.

"तू थोरली. तू आधी. त्याचं सांग."

मला हे सोपं वाटलं. विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडणं हा तर माझा धंदा. मी म्हणाले, याला वाटतं की जमिनीचे तुकडे होतील. भाऊ म्हणाला, न्हाय. मी म्हणाले, उद्या माझं लग्न झालं की रान परक्या घरात जाईल अशी याला भीती आहे. न्हाय. मग मी माझं हुकमाचं पान काढलं. मला शिकवलं, आणि बारावीनंतर याला शेतात घातलं, त्याचा सल आहे. भाऊ समोर बघत होता. म्हणाला, "न्हाय. मला रान आवडतंय."

मोजणीदारांनी मला थांबवलं. आता तू आक्काचं सांग, असं त्याला म्हणाले. मला मनात हसू आलं, याला काय सांगता येणार म्हणून. भावानं गुडघ्यावरची पिशवी नीट केली.

"म्या आक्काला इचारायला पायजे हुतं," तो म्हणाला. "म्या सही मागितली. इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तिनं रान दिलं असतं, का न दिलं असतं, त्ये तिचं तिनं ठरवलं असतं. म्या घरनंच ठरवून आलो."

पहिल्या फटक्यात. तीन वर्षं मी जे स्वतःलासुद्धा नीट सांगू शकले नव्हते, ते त्यानं पाच वाक्यांत सांगितलं. मी मान हलवली. मोजणीदार म्हणाले, मान न्हाय चालत, तोंडानं. मी "हो, असंच" म्हणाले. बाजेच्या लाकडावरचा हात कधी सुटला ते कळलं नाही, मी घसरून मध्ये आले होते आणि माझा खांदा भावाच्या खांद्याला लागला होता.

"आता तू."

मी म्हणाले, मला माहीत नाही.

"हे तू पयलं खरं बोललीस," मोजणीदार म्हणाले. मग त्यांनी विचारलं, वडील शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर होते. तू रविवारी घरी जायचीस. दारात पाय ठेवलास की पहिलं काय बोलायचीस?

मी आठवायला लागले. खांद्यावर पर्स, पायात चपला तशाच. चुलीपुढं किंवा वडिलांच्या बाजेपाशी भाऊ, हात ओले. वडिलांची पाठ पुसून झालेली असायची, नाही तर चादर धुऊन झालेली. आणि मी दारातूनच विचारायची, गोळ्या दिल्यास का? दुपारची दिलीस का? कूस बदललीस का? डॉक्टरांची चिठ्ठी कुठंय, दाखव. तो उत्तरं देत जायचा, एकामागून एक, पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साक्षीदारासारखा. सहा दिवस करणारा तो आणि सातव्या दिवशी जाब विचारणारी मी. दीड वर्ष. एकही रविवार मी चुकवला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता.

मी ते सगळं जसं आठवलं तसं सांगितलं. थांबत, चुकत. कोर्टात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. शेवटी म्हणाले, मी याची उलटतपासणी घेत होते.   परसात साखळीवरचं धुणं वाऱ्यानं हलत होतं, तिचा आवाज येत होता.

"एकदा बी," भाऊ म्हणाला, "एकदा बी न्हाय म्हणलीस आक्का, की तू जेवला का."

मी म्हणाले, "तू जेवलास का, हे मी कधी विचारलं नाही."

"व्हय," भाऊ म्हणाला. "असंच."

रानाचं मिटायला मग पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दावा घालणार हायस का, त्यानं विचारलं. नाही म्हटलं. सही? तीही नाही. बरं, तो म्हणाला. सातबाऱ्यावर आजही आमची दोघांची नावं आहेत. रान तो करतो. पेरणीच्या आधी दरवर्षी त्याचा फोन येतो, आक्का, यंदा काय पेरू? मला तूर आणि उडीद यांतला फरक डब्यात घातल्यावरच कळतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. तरी तो विचारतो आणि मी जे तोंडाला येईल ते सांगते. मग तो त्याला हवं तेच पेरतो.

त्या रविवारी बोलणं झाल्यावर मोजणीदारांनी टॉवेल डोक्यावर टाकला. मी म्हटलं, तुम्ही याला सोडून या, मी वर जाते. ते म्हणाले, खोलीला कुलूप लावलंय. मी जिन्यावर जाऊन पाहिलं तर खरंच, त्यांच्या स्वतःच्या दाराचं भलंमोठं कुलूप माझ्या कडीला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, किल्ली मंगळवारी मिळंल. मला ना कपडे घेऊ दिले ना फोनचा चार्जर. सोमवारी मला कोर्टात तारीख होती, तेही त्यांना माहीत होतं. काकूंनी शेजारच्या वकिलाला आधीच सांगून ठेवलं होतं.

स्टँडवर येरमाळ्याची गाडी लागलेली होती. मोजणीदारांनी आम्हा दोघांना चढवलं आणि एकाच बाकड्यावर बसताना खाली उभं राहून पाहिलं. बस हलली तरी ते हलले नाहीत. मी खिडकीतून मागं बघत राहिले. डोक्यावर टॉवेल, दोन्ही हात पाठीमागं. त्यांचे मी त्या दिवशी आभार मानले नाहीत, पुढंही कधी मानले नाहीत. ते मानू देत नसत, लगेच पावलं मोजायला लागत. आता हे लिहिते आहे तेव्हा तरी त्यांना थांबून ऐकावं लागेल.

गाडी येडशीपर्यंत आली. भावाच्या मांडीवर ती पिशवी होती आणि तो खिडकीतून बाहेरच्या ज्वारीकडं बघत होता. दीड वर्षाचे रविवार आणि त्यानंतरची तीन वर्षं, एवढ्या उशिरा विचारायचं तर कसं, हे मला कळेना. तोंडातून शब्द निघाला तेव्हा तो मलाच अनोळखी वाटला.

"जेवलास का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी बाहेर काढल्या.

"न्हाय," तो म्हणाला. "तुझी बी आणलीया."